तेरापैकी तेरा

आमच्या टीममधल्या एकाने गोव्याची अर्धी आयर्नमॅन पूर्ण केली आणि मेडल आणून मॉनिटरच्या कोपऱ्याला टांगलं. तेव्हापासून चहाला गेलं की हाच विषय. कोण भारी, कुणाचं टायमिंग काय. त्यात एक जण म्हणाला, "क्रिसी वेलिंग्टन! तेरा रेस, तेरा विजय. शंभर टक्के अपटाइम." मी मान डोलावली खरी, पण अपटाइमचे आकडे कसे तयार होतात ते आपल्या धंद्यात सगळ्यांनाच माहीत असतं :-) म्हणून गेला शनिवार-रविवार या बाईंच्या मागे घालवला.

आधी नवख्यांसाठी थोडंसं. ३.८ किमी पोहायचं, मग १८० किमी सायकल, आणि त्यावर ४२.२ किमीची अख्खी मॅरेथॉन. सगळं एकाच दिवशी. १९७८ मध्ये होनोलुलूत १५ जणांनी सुरुवात केली, १२ पोचले. पहिल्या आलेल्या गॉर्डन हॅलरला पावणेबारा तासांच्या वर लागले. १९८१ मध्ये ही शर्यत हवाईच्याच मोठ्या बेटावर, कोनाला गेली. दोन्ही बाजूंना लाव्हाचे काळे दगड, रणरणतं ऊन आणि सायकलला आडवा मारणारा वारा. आयर्नमॅनवाल्यांची पंढरीच म्हणा ना.

तर क्रिसी. जन्म १९७७, इंग्लंड. ही काही लहानपणापासून स्टेडियमवर वाढलेली मुलगी नाही. शिकली, पर्यावरण खात्यात सरकारी नोकरीला लागली, फाइली आणि धोरणं लिहू लागली. खाण्याच्या विकारांशी आपण बरीच वर्षं झगडलो हे तिने आत्मचरित्रात लिहिलंय. २००२ मध्ये लंडन मॅरेथॉन पहिल्यांदा धावली ती ३ तास ८ मिनिटांत. (आमच्या ग्रुपमध्ये चार तासांच्या आत आलेल्याला पार्टी मिळते. असो.) २००४ मध्ये खात्यातून रजा घेऊन ती नेपाळला गेली, पाणी आणि स्वच्छतेच्या कामासाठी. तिथे एक सायकल घेतली, तिचं नाव ठेवलं प्रेम. मित्रमंडळींबरोबर ल्हासा ते काठमांडू सायकलवर आली. इतक्या उंचीवरचे घाट चढताना आपण इतरांपेक्षा कमी दमतो हे तिच्या तिथे लक्षात आलं असणार, असा माझा अंदाज.

२००६ मध्ये लोझानला हौशी गटात ती जगज्जेती झाली. मग ब्रेट सटन या प्रशिक्षकाकडे स्वतःची परीक्षा द्यायला गेली. त्याचं मत साधारण असं, की शरीर उत्तम आहे, पण हिचं डोकं फार चालतं, तेच कापून ठेवावं लागेल. फेब्रुवारी २००७ मध्ये, तिशीला येऊन, तिने पक्की सरकारी नोकरी सोडली. (घरच्यांची काय प्रतिक्रिया असेल याची कल्पना मी माझ्या घरावरून करू शकतो.) ऑगस्टमध्ये कोरियात तिने पहिली पूर्ण आयर्नमॅन जिंकली आणि सातच आठवड्यांनी कोनाला उभी राहिली. तिला तिथे कोणी ओळखत नव्हतं. ९ तास ८ मिनिटं ४५ सेकंदांत ती पहिली आली. शेवटची मॅरेथॉन २:५९:५८, म्हणजे तीन तासांच्या आत, दोन सेकंद राखून!

पुढची दोन वर्षं पटापट सांगतो. २००८ मध्ये कोनालाच टायर पंक्चर झाला, हवा भरायच्या गॅसच्या नळकांड्या तिने स्वतःच वाया घालवल्या आणि रस्त्याकडेला दहाएक मिनिटं उभी राहिली. शेवटी रिबेका कीट या प्रतिस्पर्धीनेच जाता जाता एक नळकांडं दिलं. तरी क्रिसी जवळजवळ पंधरा मिनिटांनी जिंकली. २००९ मध्ये ८:५४:०२, आणि पॉला न्यूबी-फ्रेझरचा १९९२ पासूनचा कोनाचा विक्रम मोडला. फिनिशवर ती चक्क जमिनीवर लोळत रेषा पार करायची. जॉन ब्लेझ नावाचा स्पर्धक होता, शरीर हळूहळू लुळं पाडणाऱ्या एएलएस या आजाराने २००७ मध्ये वारला. २००५ मध्ये, आजार झालेला असताना, त्याने कोनाची रेषा अशी लोळून पार केली होती.

आता माझा मुद्दा. २०१० मध्ये शर्यतीच्या सकाळी तिने माघार घेतली, आजारी म्हणून. लगेच कुजबुज सुरू झाली, की हरायच्या भीतीने उतरलीच नाही. जी शर्यत सुरूच केली नाही ती तेरात धरत नाहीत, आणि इथे माझ्यातला टेस्टर खूश झाला. सापडला बग! पण नंतरच्या तपासण्यांत न्यूमोनिया आणि वेस्ट नाईल व्हायरस निघाले. असल्या अंगाने दिवसभर उन्हात शर्यत म्हणजे वेडेपणाच झाला असता. माझा बग 'नॉट रिप्रोड्यूसिबल' म्हणून बंद. सहा आठवड्यांनी तिने अ‍ॅरिझोनाची शर्यत ८:३६:१३ मध्ये मारली.

पण मला विचाराल तर तेरापैकी खरी शर्यत एकच, शेवटची. जुलै २०११ मध्ये जर्मनीत रोथला तिने ८:१८:१३ हा जागतिक विक्रम केला होता. मग कोनाच्या दोन आठवडे आधी सायकलवरून पडली. डावी बाजू सोलवटलेली, जखमेत संसर्ग, अँटिबायोटिक्स चालू. पोहायलाच एक तासावर लागला. सायकलवरून उतरली तेव्हा पुढे बऱ्याच जणी होत्या, आणि मागून मिरिंडा कॅफ्रे येत होती, २०१० ची विजेती, त्या काळातली सगळ्यात वेगवान धावणारी. क्रिसीने एकेकीला मागे टाकलं. कॅफ्रेने मॅरेथॉन २:५२:०९ मध्ये संपवली, क्रिसीने २:५२:४१ मध्ये. म्हणजे ३२ सेकंद कॅफ्रेच जोरात! पण एकूण हिशेबात क्रिसी तीन मिनिटांहून कमी फरकाने पुढे राहिली. आधीच्या वर्षांत ती इतकी पुढे असायची की कुणाशी झुंजावंच लागायचं नाही.

त्यानंतर ती कधी आयर्नमॅनला उतरली नाही. डिसेंबर २०१२ मध्ये निवृत्ती जाहीर केली. वय पस्तीस, विक्रम हातात, प्रायोजक तयार. मनासारखी शर्यत मिळाली, आता शोधायला काही उरलं नाही, असा तिच्या सांगण्याचा सूर होता. पुढे तिने काही सायकलपटूंबरोबर बायकांनाही टूर द फ्रान्सच्या रस्त्यावर जागा द्या म्हणून मोहीम चालवली, आणि २०१४ मध्ये पॅरिसला बायकांची एक दिवसाची शर्यत झालीसुद्धा.

रोथचं ८:१८:१३ मात्र टिकलं, बारा वर्षं. २०२३ मध्ये डॅनिएला रीफने ते मोडलं, तेही रोथलाच, ८:०८:२१ मध्ये. चहाला हे सांगितलं तर मेडलवाला म्हणाला, "म्हणजे तेरापैकी तेरा बरोबरच होतं ना?" हो बाबा, बरोबर होतं.