तेर्स : एका तिसऱ्या हिश्श्याची कुळकथा

इसवी सन ५०च्या आसपास पौलाने थेस्सलनीकातल्या नव्या ख्रिस्ती मंडळीला एक पत्र लिहिलं. नव्या करारातलं हे बहुधा सर्वांत जुनं लिखाण. पत्र संपता संपता त्याने निरोपाच्या घाईत सांगावं तशा तीन गोष्टी सांगितल्या: नेहमी आनंदात असा, प्रार्थनेत खंड पडू देऊ नका, जे येईल त्याबद्दल देवाचे उपकार माना. सांगणारा स्वतः तंबू शिवून पोट भरत होता आणि ऐकणारेही कष्टकरी होते. हे नेमकं कसं जमवायचं, ते मात्र त्याने लिहिलं नाही. पुढची दोन हजार वर्षं लोक ते शोधताहेत. वेंगुर्ल्यातल्या कॅथलिक घरांत देवाच्या आल्तारापाशी खिळ्याला अडकवलेली एकोणसाठ मण्यांची माळ हे त्या शोधातून निघालेलं एक उत्तर. ती माळही तेर्स आणि दिवेलागणीला घरच्यांनी मिळून म्हणायची प्रार्थनाही तेर्स.

पौलाचं सांगणं अक्षरशः घेणारे लोक लवकरच निघाले. चौथ्या शतकात सिरियाकडे मेस्सालियन नावाचा पंथ होता. हातपाय हलवून कमावणं म्हणजे प्रार्थनेत खंड, म्हणून ते कामच करत नसत. ४३१च्या एफेससच्या धर्मसभेने त्यांना पाखंडी ठरवलं. पाचव्या शतकाच्या आरंभी अलेक्झांडर नावाच्या साधूने ‘न झोपणाऱ्यां’चा मठ उभा केला. हे लोक पुढे कॉन्स्टँटिनोपलच्या परिसरात स्थिरावले. तिथे साधूंचे गट करून पाळ्या लावल्या होत्या. एक गट दमला की दुसरा उभा राही, म्हणजे चोवीस तासांत स्तुती कधी थांबत नसे. युक्ती चांगलीच होती, पण त्यासाठी मठ लागतो, माणसं लागतात आणि त्यांना जेवू घालणारं कुणी तरी लागतं.

मला सगळ्यांत पटतं ते अलेक्झांड्रियाजवळच्या लूसियस नावाच्या वृद्ध साधूचं उत्तर. त्याच्याकडे असेच काम न करणारे प्रार्थनावाले पाहुणे आले. तुम्ही जेवता का, असं त्याने विचारलं. जेवतो, म्हणाले. मग जेवताना तुमची प्रार्थना कोण करतं? झोपता का? मग झोपेत कोण करतं? पाहुण्यांना बोलता येईना. तेव्हा म्हाताऱ्याने आपला हिशेब सांगितला. ताडाची पानं भिजत घालून तो दोर वळत बसे आणि वळता वळता दयेची याचना करणारी छोटी प्रार्थना म्हणत राही. दोर विकून सोळा नाणी आली की दोन दाराबाहेर ठेवी आणि उरलेल्यांत जेवण भागवी. ती दोन नाणी उचलणारा गरीब आपल्यासाठी प्रार्थना करेल, म्हणजे आपण जेवताना आणि झोपेत असतानाही खंड पडणार नाही, असा त्याचा हिशेब. नारळाची सोडणं कुजवून, कुटून काथ्या काढणाऱ्या आणि सुंभ वळणाऱ्या वेंगुर्ल्याच्या बाईला हे समजावून सांगावं लागणार नाही. हात आपल्या सवयीने चालत असतात तेव्हा तोंड मोकळं असतं.

तोंड मोकळं झालं तरी मोजायचं कसं, हा पुढचा प्रश्न. इजिप्तच्याच वाळवंटात पौल नावाचा दुसरा एक तपस्वी होता. तो रोज तीनशे प्रार्थना करी आणि चूक होऊ नये म्हणून तीनशे खडे मांडीवर घेऊन बसे. एक प्रार्थना झाली की एक खडा टाकायचा. पॅलेडियस नावाच्या लेखकाने ही हकिकत नोंदवली आहे आणि तिची शेपटीही नोंदवली आहे. अमुक गावातली एक कुमारी रोज सातशे प्रार्थना करते, हे पौलाच्या कानावर आलं आणि तो खचून माकारियस नावाच्या वडीलधाऱ्या साधूकडे गेला. माकारियस म्हणाला, मी रोज शंभरच करतो, अन्नापुरतं काम करतो, येणाऱ्याजाणाऱ्यांची विचारपूस करतो आणि माझं मन मला खात नाही. मोजण्याचा मोह आणि मोजण्याचा धोका, दोन्ही पहिल्याच गोष्टीत आले आहेत.

खड्यांचे मणी झाले ते युरोपात. मठांतले साधू दावीदाची १५० स्तोत्रं म्हणत. ज्यांना लॅटिन वाचता येत नसे अशा कामकरी बंधूंनी त्या जागी १५० वेळा ‘आमच्या बापा’ ही प्रार्थना म्हणायची, असा रिवाज पडला. माळेचा जन्म निरक्षरांच्या सोयीसाठी झाला, हे विसरू नये. निरक्षरांची सोय श्रीमंतांनाही आवडते, हेही खरं. अकराव्या शतकात इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या गोडायव्हा बाईने रत्नांची अशी माळ मठाला दिली होती. तेराव्या शतकात पॅरिसमध्ये या माळा करणाऱ्या कारागिरांच्या वेगवेगळ्या श्रेणी होत्या. हाड आणि शिंगाचे मणी करणारे वेगळे, पोवळं आणि शिंपल्याचे वेगळे, अंबराचे वेगळे. पुढे ‘आमच्या बापा’च्या जागी मरियेचं नमन आलं, पंधराव्या शतकात कार्थूशियन आणि डोमिनिकन साधूंनी त्याला ख्रिस्ताच्या आयुष्यातल्या प्रसंगांचं चिंतन जोडलं आणि १५६९मध्ये पाचव्या पायस पोपने या साच्यावर शिक्का मारला. दर दहा नमनांमागे एक प्रसंग, असे पंधरा प्रसंग, म्हणजे स्तोत्रांइतकीच १५० नमनं. एवढं सगळं एका बैठकीत कष्टकऱ्याला परवडत नाही, म्हणून एका वेळी पाच प्रसंग, पन्नास नमनं. पोर्तुगीज लोक या तिसऱ्या हिश्श्याला ‘तेर्सु’ म्हणत. कोंकणी जिभेवर त्याचा तेर्स झाला. पन्नास नमनांचे मणी, सुरुवातीच्या तिनांचे तीन आणि ‘आमच्या बापा’चे सहा मिळून एकोणसाठ.

पोर्तुगीजांनी माळ आणली तेव्हा जप मोजणं या किनाऱ्याला नवं नव्हतं. १०८ मण्यांची जपमाळ घरोघरी होती, बंदरात येणाऱ्या मुसलमान व्यापाऱ्यांच्या हातात तसबीह होती. नवीन होती ती प्रार्थना आणि ती शिकवण्याची तऱ्हा. ६ मे १५४२ला गोव्यात उतरलेला फ्रान्सिस झेवियर हातात घंटा घेऊन रस्त्याने फिरे, पोरं आणि गुलाम गोळा करी आणि प्रार्थना सुरावर पाठ करून घेई. १६१६मध्ये फादर स्टीफन्सचं मराठी ‘क्रिस्तपुराण’ छापलं गेलं, १६२२मध्ये रायतूरला त्यांचं कोंकणीतलं ख्रिस्ती शिकवणीचं पुस्तक निघालं. लोकांच्या हातात लोकांच्या भाषेतला ग्रंथ येईल, अशी चिन्हं दिसत होती. पण १६८४मध्ये व्हाइसरॉयने फर्मान काढलं: तीन वर्षांत कोंकणी सोडा, पोर्तुगीज बोला. माणसांनी भाषा अर्थातच सोडली नाही, पण छापखाना लोकांच्या भाषेला पारखा झाला. अशा वेळी घरातल्या आजीला पाठ असलेली पन्नास नमनं हाच ग्रंथ होता. ‘नमान मोरये’ कोंकणीतच राहिलं, कारण ते कागदावर अवलंबून नव्हतं.

इन्क्विझिशनचा जाच, करांचं ओझं, लढाया आणि दुष्काळ यांनी गोव्यातली ख्रिस्ती कुटुंबं बाहेर पडत राहिली. कुणी दक्षिणेला कारवार-मंगळुरास गेले, कुणी तेरेखोल ओलांडून सावंतांच्या मुलखात आले. नव्या गावी प्रत्येक वाडीला देऊळ नव्हतं (इकडचे कॅथलिक चर्चला देऊळच म्हणत आले आहेत) आणि पाद्री तर कधीमधी यायचा. मिस्सा, म्हणजे देवळातली मुख्य उपासना, पाद्र्याशिवाय होत नाही, तेर्स होतो. माझ्या मते या मुलखात तेर्स टिकला तो भक्तीच्या ओढीइतकाच या सोयीमुळे. आज सावंतवाडीला धर्मप्रांताचं मुख्य देऊळ आहे, पण पुण्यापासून वेगळा असा सिंधुदुर्ग धर्मप्रांत झाला तो थेट २००५मध्ये.

तेर्साच्या आधी घंटा होते. तिचंही कूळ जुनं आहे. संध्याकाळच्या घंटेबरोबर तीन नमनं म्हणण्याचा प्रघात तेराव्या शतकात फ्रान्सिस्कन साधूंनी पाडला. दुपारची घंटा १४५६ची, बेलग्रेडला तुर्कांचा वेढा पडला तेव्हा तिसऱ्या कॅलिक्स्टस पोपने ती वाजवायला सांगितली. सकाळ, दुपार, संध्याकाळ मिळून आंजेलुस झाला. फ्रेंच चित्रकार मिलेने १८५०च्या दशकाच्या अखेरीस बटाट्याच्या शेतात माना खाली घालून उभं असलेलं जोडपं रंगवलं, ते या घंटेचंच चित्र. गोव्याकडची रीत अशी की घंटेला असेल तिथे थांबायचं, प्रार्थना म्हणायची आणि मग पोरांनी घरातल्या प्रत्येक थोराकडे हात जोडून बेसांव, म्हणजे आशीर्वाद मागायचा. शेजारच्या हिंदू घरात त्याच वेळी तुळशीपाशी दिवा लागतो आणि पोरं शुभंकरोती म्हणून मोठ्यांच्या पाया पडतात. तिन्हीसांजेचा हा शिष्टाचार कोकणाचा आहे. धर्माने त्यात आपापले शब्द भरले.

झालं ते प्रार्थनेचं. उपकार मानण्याची बाजू वेगळ्या वाटेने आली. तेर्स घरात, रोज आणि बिनखर्चाचा. उपकार मानायचे ते चारचौघांत, वाडीच्या खुरसापाशी, म्हणजे क्रुसापाशी, आणि खर्च करून. त्याचं नाव लदीन. इटलीतल्या लोरेतो गावच्या मरियेच्या नामावळीला १५८७मध्ये पाचव्या सिक्स्टस पोपने मान्यता दिली आणि तीच लॅटिन नामावळी गोव्यात व्हायोलिनच्या साथीने, वेगवेगळ्या सुरांच्या गळ्यांनी गाइली जाऊ लागली. मेस्त्री, म्हणजे गाणाऱ्यांचा म्होरक्या, मरियेचं एकेक नाव घेतो आणि जमलेले सगळे दर नावाला ‘ओरा प्रो नोबिस’, म्हणजे आमच्यासाठी विनंती कर, असं म्हणतात. आजारी माणूस उठला, तारवावर गेलेला मुलगा परतला, घर बांधून झालं, की बोललेली आंगवण, म्हणजे नवस, फेडायला लदीन घालायचा. शेवटी उकडलेले चणे वाटायचे आणि मोठ्यांसाठी थोडी फेणी. मालवणी मुलखाच्या कानाला हा घाट परका वाटला नसणार. हिंदूंच्या मांडावर, देवळात गाऱ्हाणं घालणारा एकेक मागणं मांडतो आणि जमाव दर वेळी ‘व्हय म्हाराजा’ म्हणतो, ते इथे पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं आहे. एकाने दुसऱ्याकडून घेतलं असं मी म्हणत नाही. एकट्याचं ऋण दहा जणांच्या तोंडून फेडायचं, हे दोघांनाही कळलेलं होतं एवढंच. आंगवण हा शब्दही दोघांच्या बोलीत आहे.

नव्या पिकाचंही तसंच. गोव्यात राय गावी ५ ऑगस्टला पहिली कणसं कापून देवळात नेतात. मंगळुराकडे गेलेल्यांनी ८ सप्टेंबरला मोंती फेस्त धरलं, मरियेच्या वाढदिवशी नव्या तांदळाचं जेवण. वेंगुर्ल्यात नवान्न पौर्णिमेला दारावर नवं बांधणाऱ्यांना यातलं काय नवीन?

वेंगुर्ल्याला प्रार्थनेची आणखी दोन घराणी माहीत आहेत, आणि दोन्ही माळेच्या विरोधातली. १६३८मध्ये डचांची वखार इथे होती. गोव्याची नाकेबंदी करणारी त्यांची जहाजं पाणी आणि तांदूळ इथून भरत. हे लोक काल्व्हिनचे अनुयायी, मण्यांवर प्रार्थना मोजणं त्यांच्या लेखी अंधश्रद्धा. पण डच कंपनीच्या जहाजांवर आजाऱ्यांना धीर देणारा एक धर्मसेवक असे आणि सकाळ-संध्याकाळ प्रार्थना चालवणं हे त्याचं काम. मणी नाकारले तरी ठरलेल्या वेळा काही त्यांना नाकारता आल्या नाहीत. पडक्या वखारीच्या भिंती अजून उभ्या आहेत.

दुसरं घराणं अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचं. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात डॉ. रॉबर्ट गोहीन यांनी इथे सेंट लूक्स हॉस्पिटल चालवलं. पुढे प्रिन्स्टन विद्यापीठाचे अध्यक्ष आणि भारतातले अमेरिकेचे राजदूत झालेले त्यांचे चिरंजीव रॉबर्ट १९१९ साली १५ ऑगस्टला वेंगुर्ल्यातच जन्मले. या मराठी प्रॉटेस्टंट परंपरेत माळ नाही, लॅटिन नाही. प्रार्थना आपल्या शब्दांत करायची आणि शब्द सुचले नाहीत तर भजन म्हणायचं. ती सोय रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावच्या नारायण वामन टिळकांनी करून ठेवली. १८९५मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने अभंग-ओवीचा छंद ख्रिस्ताकडे वळवला आणि नामस्मरणात मुरलेल्या मराठी माणसाला अखंड प्रार्थनेचा अर्थ वेगळा सांगायची गरज उरली नाही. तिकडे केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात १९०५मध्ये साडेपाचशेच्या आसपास मुली-बायका दिवसातून दोनदा प्रार्थनेला जमत होत्या. हा ठरलेल्या वेळांचा जुना मार्ग. जर्मनीत हेर्नहूटच्या मोरावियन मंडळींनी तर १७२७मध्ये तासातासाच्या पाळ्या लावून शंभर वर्षं जागता पहारा ठेवला.

उपकारस्तुतीसाठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांनी हंगामाचा सण धरला. त्याचा आजचा घाट १८४३मध्ये इंग्लंडमधल्या मॉर्वेनस्टो गावच्या हॉकर नावाच्या पाद्र्याने घालून दिला. मराठी मंडळ्यांनी त्याला लिलाव जोडला. भात, नारळ, केळीचा घड, कोंबडी असं जे घरचं असेल ते वेदीपुढे ठेवायचं, उपासना झाली की बोली लावायची आणि पैसे मंडळीच्या पेटीत. कधी कधी पाच रुपयांच्या भोपळ्याला पाचशेची बोली येते, आणि घेणारा तो परत ठेवून पुन्हा लिलावात काढायला सांगतो. देवाचे उपकार हसत-ओरडत मानण्याची ही तऱ्हा मला लदीनाच्या चण्यांइतकीच आवडते.

तेर्साच्या गणितात एक बदल अलीकडे झाला. २००२मध्ये दुसऱ्या जॉन पॉल पोपने ख्रिस्ताच्या सार्वजनिक कार्यावरचे पाच नवे प्रसंग जोडले आणि त्यांना गुरुवार दिला. आता प्रसंग वीस, नमनं दोनशे. एका संध्याकाळचा वाटा तिसरा राहिला नाही, चौथा झाला. दावीदाच्या दीडशे स्तोत्रांशी असलेलं जुनं नातंही सुटलं. माळ मात्र एकोणसाठ मण्यांचीच आहे, आणि नावही तेर्सच.