अक्षरांची मालकी

राज्य बदलले की दफ्तर बदलते आणि दफ्तराबरोबर लिपीही बदलते, हे मराठवाड्यातल्या माणसाला निराळे शिकवावे लागत नाही. निजामी अमदानीत औरंगाबादच्या कचेऱ्यांतून आधी फारसी चाले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिची जागा उर्दूने घेतली. सावकाराची वही मोडीत राहिली आणि घरातली पोथी बाळबोधीत. १९४८ साली ती राजवट संपली, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला. २०२३ साली शहराचे नावही छत्रपती संभाजीनगर झाले. जुने कागद मात्र होते तसेच राहिले. कागद शाबूत, शाई शाबूत, वाचणारा तेवढा नाही! २०२३ साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी आणि उर्दू जाणणाऱ्यांना एकाएकी मागणी आली ती यामुळेच.

आता सांगायची ती हकिगत याच जातीची आहे. फरक इतकाच की तिच्यात राजे नाहीत, ब्राउझर आहेत.

दूरच्या संगणकावर ठेवलेले पान आपल्या पडद्यावर मांडून दाखवणारे साधन म्हणजे ब्राउझर. मराठीत कोणी त्याला न्याहाळक म्हणतात. टिम बर्नर्स-ली यांनी १९९० साली जिनीव्हाजवळच्या सर्न या संस्थेत पहिला ब्राउझर रचला. १९९३ साली मोझॅक, १९९४ साली नेटस्केप आणि १९९५ साली मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्सप्लोरर आला. त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमाने भारतातल्या महानगरांत सामान्य ग्राहकाला इंटरनेट खुले केले. पुढे ते आमच्या गावीही आले, आणि तासावर पैसे मोजून पडद्यापुढे बसणारी तरुण मंडळी औरंगपुऱ्यात, निराला बाजारात दिसू लागली.

या मंडळींनी मराठी वृत्तपत्र उघडले की ते बहुधा एक्सप्लोररमध्येच नीट दिसे. असे का व्हावे? संगणकाच्या पोटात अक्षर नसते, क्रमांक असतो. त्या काळच्या फॉन्टमध्ये अवघी २५६ घरे. इंग्रजी अक्षरांची घरे रिकामी करून त्यांत देवनागरीचे तुकडे बसवलेले असत: एका घरात काना, दुसऱ्यात वेलांटी, तिसऱ्यात अर्धा त. श्रीलिपी, आकृती, शिवाजी, प्रत्येकाची मांडणी निराळी. एकातला मजकूर दुसऱ्यात उघडला की शब्दांचा भुगा होई. म्हणून वृत्तपत्राला पानाबरोबर आपला फॉन्टही वाचकाकडे धाडावा लागे. एक्सप्लोररने १९९७ पासून त्याची सोय केली होती, पण ती त्याच्या एकट्याच्या पद्धतीने. नेटस्केपची पद्धत वेगळी होती. ती त्याने २००० साली सोडून दिली.

९ नोव्हेंबर २००४ रोजी फायरफॉक्सची पहिली पूर्ण आवृत्ती आली. तोवर शंभरातले नव्वदांहून अधिक लोक एक्सप्लोररच वापरत होते. जगात कोणी वेगासाठी, कोणी सुरक्षिततेसाठी नव्या ब्राउझरकडे वळू लागले. मराठी वाचकाने मात्र तिकडे पाऊल टाकले की त्याच्या वर्तमानपत्राच्या जागी रोमन अक्षरांचा कचरा उमटे. लोक म्हणत, नव्या ब्राउझरला मराठी येत नाही. वास्तविक दोष त्याचा नव्हता. अक्षरेच एका मालकाच्या दावणीला बांधलेली होती. अशा पानांचा मजकूर उलगडून दाखवणारी ‘पद्मा’ नावाची एक जोडणी फायरफॉक्ससाठी निघाली खरी, परंतु ती ठाऊक किती जणांना असणार!

गंमत अशी की या रोगावरचे औषध १९९१ सालीच तयार होते. त्या वर्षीच्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला १२८ घरे दिली गेली आणि त्यांची मांडणी ‘इस्की’ या भारतीय प्रमाणावरूनच घेतली होती. क म्हणजे २३२५, ख म्हणजे २३२६, आपला ळ म्हणजे २३५५. फॉन्ट कोणताही असो, ब्राउझर कोणाचाही असो. मग पंधरा-पंधरा वर्षे का लागली? जुन्या संगणकांना ही अक्षरे जोडून दाखवता येत नव्हती. विंडोज २००० मध्ये मंगल फॉन्ट आला. एक्सपीमध्ये तबकडी घालून ती सोय मुद्दाम चालू करावी लागे. छापखान्यातल्या पाने लावण्याच्या साधनांना युनिकोड समजत नव्हते, आणि अक्षरजुळणी करणाऱ्यांची बोटे जुन्या कळफलकावर बसलेली. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियाने युनिकोडची वाट धरली. पुढे वृत्तपत्रेही एकेक करून त्याच वाटेने आली. २ सप्टेंबर २००८ रोजी क्रोम आला, तेव्हा मराठी वाचकाच्या पायातली बेडी सैल होत आली होती. १५ जून २०२२ रोजी मायक्रोसॉफ्टने एक्सप्लोररचा आधार काढून घेतला आणि बहुतेक मराठी वाचकांना त्याची चाहूलही लागली नाही. हेच खरे स्वातंत्र्य होय.

मात्र त्याची किंमत कोणी मोजली? त्या दहा-बारा वर्षांत जुन्या फॉन्टमध्ये जे लिहिले गेले, त्याने. माझ्या एका कादंबरीची त्या काळची मुद्रणप्रत तबकडीवर आहे. आज उघडली तर ओळी भरलेल्या दिसतात, अर्थ नाही. शाळांची हस्तलिखिते जुळवून केलेले अंक, गावोगावच्या स्मरणिका, लहान दिवाळी अंक यांची हीच गत. रूपांतराची साधने आहेत. पण मूळ फॉन्ट कोणता हे सांगणारा माणूस हवा. तो गेला की नवी मोडी तयार झालीच म्हणून समजा.

आणि दावण कायमची तुटली असेही नव्हे. एज जानेवारी २०२० पासून क्रोमच्याच क्रोमियम या पायावर उभा आहे, ऑपेराही त्यावरच. फायरफॉक्स आणि सफारी तेवढे निराळे. शाळेची एखादी माहिती भरताना ‘अमुकच ब्राउझर वापरा’ अशी सूचना आजही दिसते. ब्राउझर बदलणे हे दोन क्षणांचे काम. पण ते दोन क्षणांचे राहावे यासाठी अक्षरे सर्वांच्या मालकीची असावी लागतात. तेव्हा ज्यांच्या घरी जुन्या तबकड्या आहेत त्यांनी त्या युनिकोडमध्ये उतरवून घ्याव्यात. फॉन्ट ओळखणारी माणसे अजून हयात आहेत.