रुपयामागे एक आणा

परवा गावच्या घरी माळ्यावरची आजोबांची पेटी उघडली. खरेदीखतं, दोन-तीन पत्रिका आणि शेतसाऱ्याच्या पावत्यांची एक जुडी निघाली. साऱ्याच्या आकड्याखाली एक छोटी रक्कम वेगळी मांडलेली : ‘लोकल फंड’. हा शब्द मला ओळखीचा होता. आजोबा ‘लोकल फंडाचा रस्ता’, ‘लोकल फंडाची शाळा’ असंच म्हणत. फंड कुणाच्या खिशातून येतो, हे विचारायचं मात्र कधी सुचलं नाही.

मुंबई इलाख्यात ही पट्टी १८६०च्या दशकात सुरू झाली आणि १८६९च्या कायद्याने पक्की झाली. हिशेब सोपा. साऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा. म्हणजे सोळा रुपये सारा असेल तर सतरा भरायचे. जमलेल्या पैशातले दोन हिस्से रस्ते, विहिरी, धर्मशाळा वगैरे कामांना आणि एक हिस्सा शाळांना.

वाचायला किती छान वाटतं! पण मेख त्या ‘सोपेपणात’च आहे. पट्टी साऱ्याला बांधलेली, त्यामुळे सारा वाढला की तीही आपोआप वाढणार. इंदापूर तालुक्यात तीस वर्षांचा करार संपून १८६७च्या सुमाराला नवी आकारणी झाली, सारा चढला, आणि मागोमाग आणेही चढले. दुसरं म्हणजे, रस्त्यावरून सावकाराची गाडी जायची, व्यापाऱ्याचा माल जायचा, पण त्यांच्या नफ्यावर ही पट्टी नव्हती. भरायचा तो जमीनवाल्याने. खर्च कुठे करायचा हे ठरवणाऱ्या कमिटीवर कलेक्टर अध्यक्ष. कुणब्याला कोण विचारतो?

जोतीराव फुल्यांनी नेमकं इथेच बोट ठेवलं. १८८२ साली हंटर कमिशनपुढे दिलेल्या निवेदनात त्यांचा मुद्दा होता की सरकारी तिजोरी भरते रयतेच्या घामाने आणि शिक्षणाचा मलिदा जातो वरच्या वर्गांकडे. मला हा युक्तिवाद आजही बिनतोड वाटतो. (फुले म्हटलं की आपल्याला फक्त मुलींची शाळा आठवते. हिशेब तपासणारे फुले फारसे कुणी वाचत नाही.)

१८८४च्या कायद्याने लोकल बोर्डं आली, थोडे निवडून दिलेले सभासद आले. बाकी मधलं सगळं सांगत बसत नाही. १ मे १९६२ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या तरी साऱ्यावरचा उपकर राहिलाच, फक्त आण्याचे पैसे झाले. सारा मात्र इतकी वर्षं जवळपास गोठलेला, त्यामुळे त्यावरचा उपकरही चहाच्या पैशांत मोजावा असा उरला. आता शाळा आणि रस्ते मुख्यतः वरून येणाऱ्या अनुदानावर चालतात.

असो. पावत्या पुन्हा दोऱ्याने बांधताना जुडीच्या तळाशी एक घडी घातलेला कागद सापडला. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला. इयत्ता चौथी. वर शिक्का होता लोकल बोर्डाचा.