कलिंगड न कापता: १८९७ च्या भूकंपाने पृथ्वीचं पोट कसं दाखवलं

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लेखी रूप.

बाजारात कलिंगड घेताना आपण काय करतो? कापून तर बघता येत नाही. मग टिचकी मारतो, कान लावतो आणि आवाजावरून आतलं ओळखतो. पृथ्वीच्या बाबतीत माणसाने हेच केलंय. दुसरा इलाजच नव्हता. पृथ्वीच्या मध्यापर्यंतचं अंतर आहे ६,३७१ किलोमीटर. आणि माणसाने खोदलेलं सगळ्यात खोल छिद्र, रशियातल्या कोला द्वीपकल्पावरचं, १२ किलोमीटरच्या जरासं पुढे जाऊन थांबलं. म्हणजे आपण अजून सालीतच आहोत.

मग शाळेच्या पुस्तकात भूकवच, प्रावरण, गाभा असं जे रंगीत चित्र असतं, ते कशावरून काढलं? त्या गोष्टीतला एक मोठा धागा आपल्या देशातून निघतो. फक्त तिथली टिचकी फार महाग पडली होती.

शिलाँग, १२ जून १८९७

शनिवार होता. संध्याकाळचे सव्वापाच वाजले असतील. शिलाँग हे तेव्हा आसाम प्रांताचं मुख्य ठाणं. जमीन हलायला लागली आणि बघता बघता शहरातली दगडी घरं, चर्च, कचेऱ्या सगळं भुईसपाट झालं. चेरापुंजीच्या बाजूला डोंगरउतार सुटले आणि त्या दरडींखाली शेकडो माणसं गेली. पार कलकत्त्यातल्या इमारतींना तडे गेले. एकूण मृत्यू दीड हजारांच्या वर. संध्याकाळची वेळ असल्यामुळे बरेच लोक घराबाहेर होते. हाच भूकंप मध्यरात्री झाला असता तर आकडा कुठे गेला असता, विचार करा.

चौकशीचं काम आलं रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम यांच्याकडे. हे जिऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियामधले अधिकारी. भूकंपाचा नाद घरातूनच आलेला. वडील थॉमस ओल्डहॅम हे त्याच सर्व्हेचे पहिले प्रमुख. त्यांनी भारतातल्या भूकंपांची यादी करायला घेतली होती. ती त्यांच्या निधनानंतर मुलाने पुरी करून छापली.

ओल्डहॅम गावोगाव फिरले. पडलेल्या भिंती, वाकडे झालेले खांब, जमिनीतल्या भेगा, सगळं मोजलं. एका ठिकाणी जमीन इतकी तुटली होती की एक बाजू दुसरीपेक्षा तब्बल ३५ फूट वर गेली होती. काही मोठे दगड तर आपल्या खोबणीतून सरळ वर उडून बाजूला पडले होते, खोबणीच्या कडांना धक्काही न लावता. ओल्डहॅमनी हिशेब मांडला: जमिनीचा झटका गुरुत्वाकर्षणापेक्षाही जोराचा असला पाहिजे.

हजारो किलोमीटर दूरची रेघ

पण खरी कमाल पुढे आहे. त्या वेळी भारतात हा धक्का नीट टिपू शकेल असं यंत्र नव्हतं. युरोपात होती. इटलीतल्या भूकंपयंत्रांनी आसामचा भूकंप कागदावर उमटवला होता. त्या वेड्यावाकड्या रेघांमध्ये ओल्डहॅमना एक क्रम दिसला. आधी एक लहर येते, मग काही मिनिटांनी दुसरी, आणि सगळ्यात शेवटी मोठ्या, संथ लहरी.

पहिली लहर स्प्रिंग ढकलल्यासारखी पुढे-मागे जाते. ती सगळ्यात वेगवान. दुसरी दोरीला झटका दिल्यासारखी आडवी हलते. या दोन्ही पृथ्वीच्या पोटातून येतात. तिसऱ्या लहरी वरवरून, जमिनीच्या कडेकडेने येतात. १८९९ साली ओल्डहॅम यांचा अहवाल निघाला आणि या लहरी वेगवेगळ्या आहेत हे स्पष्ट झालं.

तब्येतीमुळे १९०३ साली ते निवृत्त झाले आणि इंग्लंडला परतले. डोक्यातला प्रश्न मात्र काही निवृत्त झाला नाही. त्यांनी जगभरच्या मोठ्या भूकंपांच्या नोंदी शेजारीशेजारी ठेवल्या. बघतात तर काय, भूकंपापासून फार लांब, पृथ्वीच्या जवळजवळ दुसऱ्या बाजूला असलेल्या यंत्रांवर लहरी अपेक्षेप्रमाणे पोचतच नव्हत्या. आत काहीतरी वेगळं होतं, जे त्यांची वाट अडवत होतं. १९०६ साली त्यांनी जाहीर केलं की पृथ्वीला गाभा आहे.

मग दारं भराभर उघडली. १९०९ साली क्रोएशियात आंद्रिया मोहोरोविचिच यांनी भूकवच कुठे संपतं ते शोधलं. खंडांखाली साधारण ३० ते ७० किलोमीटर, समुद्राखाली त्याहून खूप कमी. बेनो गुटेनबर्ग यांनी गाभ्याची सुरुवात २,९०० किलोमीटर खोलीवर नेऊन ठेवली. १९२६ साली हॅरॉल्ड जेफ्रीज यांनी दाखवलं की गाभा द्रव आहे, कारण दोरीसारखी आडवी हलणारी लहर द्रवातून जाऊ शकत नाही. आणि १९३६ साली डेन्मार्कच्या इंगे लेमान यांनी न्यूझीलंडच्या एका भूकंपाच्या नोंदींमधून सांगितलं की या द्रव गाभ्याच्या आत आणखी एक गाभा आहे. तो घन आहे हे पुढे कळलं. त्याच वर्षी ओल्डहॅम वारले.

पण भूकंप झालाच का?

इथे गंमत बघा. आसामच्या भूकंपाने पृथ्वीचं पोट दाखवायला मदत केली. पण तो झाला का, याचं खरं उत्तर ओल्डहॅमकडे नव्हतं. ते यायला आणखी साठेक वर्षं लागली.

या उत्तराचा एक पुरावा आपल्या विदर्भातही पडलेला होता. चंद्रपूर, नागपूरकडचा दगडी कोळसा ज्या खडकांत सापडतो, त्यांना गोंडवन खडक म्हणतात. हे नाव गोंडांच्या मुलखावरून आलं. त्या खडकांत ग्लोसॉप्टेरिस नावाच्या वनस्पतीची पानं दगड होऊन बसली आहेत. तीच पानं दक्षिण आफ्रिकेत, ऑस्ट्रेलियात, दक्षिण अमेरिकेत आणि अंटार्क्टिकातही सापडतात. त्यावरून ऑस्ट्रियाचे एडुआर्ड झ्यूस म्हणाले, पूर्वी इथे एकच मोठा भूभाग असणार. त्याला त्यांनी नाव दिलं गोंडवनलँड. मधली जमीन समुद्रात बुडाली, असा त्यांचा अंदाज.

१९१२ साली जर्मनीचे आल्फ्रेड वेगेनर म्हणाले, काही बुडालं नाही, खंडच सरकले. भारत दक्षिणेकडून वर आला आणि त्याच्या रेट्यामुळे हिमालय उभा राहिला. लोकांनी विचारलं, सरकवलं कोणी? वेगेनरकडे पटेल असं उत्तर नव्हतं. १९३० साली ग्रीनलंडच्या बर्फात त्यांचा मृत्यू झाला, तेव्हाही बहुतेक भूशास्त्रज्ञ त्यांच्या विरोधात होते.

सगळ्यात कडवे विरोधक कोण होते माहितीये? वर आलेले तेच हॅरॉल्ड जेफ्रीज! त्यांचं म्हणणं, प्रावरण घन आहे, त्यातून खंड नांगरासारखे कसे जातील? प्रावरण घन आहे हे बरोबरच होतं. पण तापलेला घन खडक लाखो वर्षांच्या हिशेबात हळूहळू वाहतो. आर्थर होम्स यांनी ही कल्पना १९३० च्या आसपासच मांडली होती. शेवटी १९६० च्या दशकात समुद्राच्या तळाने निकाल दिला. तिथे मध्यातून नवी जमीन तयार होऊन दोन्ही बाजूंना सरकताना दिसली. जेफ्रीज १९८९ पर्यंत जगले, पण त्यांनी हे शेवटपर्यंत मान्य केलं नाही. पृथ्वीचं पोट इतकं छान वाचणारा माणूस, आणि तिची चाल त्याला पटली नाही!

अजूनही सरकतोय

भारत सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी आशियाला भिडला आणि अजून थांबलेला नाही. आजही वर्षाला साधारण ५ सेंटीमीटर, म्हणजे तीनेक बोटांच्या रुंदीइतका पुढे जातो. त्या दाबाखाली खडक वर्षानुवर्षं ताणला जातो आणि एक दिवस तुटतो. १८९७ साली तेच झालं. २००१ साली रॉजर बिल्हम आणि फिलिप इंग्लंड यांनी जुन्या मोजणीच्या नोंदी पुन्हा तपासल्या आणि मांडलं की शिलाँग पठाराची उत्तर कड त्या दिवशी किमान ११ मीटर वर उचलली गेली. ज्या गाडलेल्या भेगेवर हे घडलं, तिला आज ओल्डहॅम यांचं नाव आहे.

लोकांनीही धडा घेतला. भूकंपानंतर शिलाँगमध्ये जड दगडी भिंती मागे पडल्या. लाकडी चौकट, बोरूच्या हलक्या भिंती आणि वर पत्रा अशी 'आसाम पद्धतीची' घरं उभी राहिली. आता मात्र तिथेही काँक्रीटचे मजल्यांवर मजले चढतायत. भारताचं सरकणं काही आपल्या हातात नाही. घर कसं बांधायचं, ते आहे.