तळटीप : ‘चारांत एक’ म्हणजे काय
* ‘चारांत एक’ याचा अर्थ चार मुलांपैकी नेमके एक सिकलसेलचे, असा घेऊ नये. हिमोग्लोबिनचे हे जनुक प्रत्येकाकडे जोडीने असते. एक आईकडून आलेले, एक वडिलांकडून. दोन्ही सदोष असतील तर आजार. एकच सदोष असेल तर माणूस वाहक, आणि बहुधा धडधाकट. आईवडील दोघेही वाहक असले, तर प्रत्येक गरोदरपणात बाळ आजारी असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५०, पूर्ण मुक्त असण्याची २५. पहिले मूल आजारी निघाले म्हणून पुढची तीन सुटली, असे मुळीच नाही. दर खेपेला हिशेब नव्याने सुरू होतो. आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या मेंडेलने १८६६च्या निबंधात वाटाण्याचे ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेले दाणे नोंदवले. एवढ्या मोठ्या संख्येत तीनास एक, म्हणजेच चारांत एक, हे प्रमाण उघड दिसते, दोन-तीन लेकरांच्या घरात ते दिसेलच असे नाही. नंदुरबार, गडचिरोलीकडे हा आजार बराच आढळतो, म्हणून तिथे लग्नाआधी दोघांचेही रक्त तपासणे मोलाचे. आजारी मुलाचा दोष एकट्या सुनेच्या माथी मारणे तर सर्वस्वी चूक आहे, कारण आजाराला दोन्हीकडची जनुके लागतात. — संपादक