ध्वनीची गाळणी



गेल्या दिवाळींत माझ्या नातवानें मला विचारलें, "आजोबा, जवळच्या पैशांत एकच फिल्टर येतो. कोणता घेऊं?" हा मुलगा सुट्या भागांचा, म्हणजे मॉड्युलर, सिंथेसायझर जुळवीत आहे. ह्या वाद्यांत एक भाग विजेच्या योगानें स्वर उत्पन्न करतो, दुसरा त्यांतील कांहीं अंश गाळतो, तिसरा त्याचें लहानमोठेपण ठरवितो. मागें एकदां दुसऱ्यांची स्तुति ऐकून त्यानें एक फिल्टर घेतला होता. तो अर्ध्या किंमतींत विकावा लागला. मी पडलों मॅट्रिकपर्यंत शिकलेला इतिहासाचा मास्तर. उत्तर इतिहासांतच शोधणें मला भाग होतें.

प्रथम गाळणें म्हणजे काय तें पाहूं. एकच स्वर "आ" म्हणून गावा आणि मग "ऊ" म्हणून गावा. स्वर तोच राहतो. परंतु मुखाचा आकार बदलल्यामुळें त्याच्या सोबतच्या सूक्ष्म स्वरांपैकीं कांहीं दबतात, कांहीं उठावतात. फिल्टर हेंच काम विजेनें करतो. १९१५ च्या सुमारास अमेरिकेंत कॅम्पबेल व जर्मनींत वाग्नर ह्यांनीं अशीं विद्युत्-गाळणीं शोधून काढलीं, तीं संगीतासाठीं नव्हे. टेलिफोनच्या एकाच तारेवरील अनेक संभाषणें निराळीं करतां यावीं म्हणून त्यांचा उपयोग झाला.

संगीतांत त्यांना खरी प्रतिष्ठा मिळाली ती पुढें. रॉबर्ट मूग ह्यांनीं १९६४ मध्यें हर्बर्ट डॉइच ह्या संगीतकाराच्या सहकार्यानें आपला सिंथेसायझर घडविण्यास आरंभ केला. त्यांच्या फिल्टरांत ट्रान्झिस्टरांच्या जोड्या शिडीच्या पायऱ्यांप्रमाणें रचलेल्या असत. १९६९ मध्यें त्याचें पेटंट मिळालें. ठरविलेल्या सीमेपलीकडे एक सप्तक वर गेलें कीं स्वराचें बळ जवळजवळ सोळाव्या हिश्श्यावर येतें. भरगच्च स्वर घ्यावा आणि नको तें तासून टाकावें, ही मूग ह्यांची रीत.

त्याच काळीं सॅन फ्रान्सिस्को येथें मॉर्टन सबॉटनिक व रॅमॉन सेंडर ह्यांच्या सांगण्यावरून डॉन बुक्ला दुसरें वाद्य घडवीत होते. त्यांची रीत उलट. साधा स्वर घेऊन त्यास गुंतागुंतीचा करावयाचा. मग तासण्याचें काम थोडेंच उरतें. त्यांच्या पुढील वाद्यांतील एका भागांत आवाज आणि तेज हीं दोन्ही बरोबरच ओसरतात, जणूं लांकडावर टिपरी पडावी. पुढें १९७४ मध्यें टॉम ओबरहाइम ह्यांनीं सौम्य फिल्टर आणला. तेथें एका सप्तकावर चौथा हिस्सा उरतो, आणि वरचे, खालचे वा मधले स्वर, हवे ते राखतां येतात.

ही कथा केवळ परदेशची नव्हे. १९६९ मध्यें अमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेंत डेव्हिड ट्यूडर ह्यांनीं मूग सिंथेसायझर उभा केला, आणि आपल्या देशांतील कांहीं संगीतकारांनीं १९७२ पर्यंत त्यावर प्रयोग केले.

आतां नातवाची फसगत कशानें झाली तें ध्यानांत येईल. त्याला तंबोऱ्यासारखा अखंड खर्ज हवा होता. घेतलेला फिल्टर शिडीच्या जातीचा. त्यांत अनुनाद वाढविला, म्हणजे सीमेजवळचे स्वर फुगविले, कीं खालचे स्वर क्षीण होतात. त्यामुळें खर्जाचा कणाच मोडला. दोष फिल्टरचा नव्हता. मुलानें आपणांस काय राखावयाचें आहे हें ठरविलें नव्हतें.

ह्या वेळीं त्यानें मित्रांकडून दोन फिल्टर आठवडाभर मागून आणले आणि दोहोंतून आपलाच खर्ज ऐकला. माझ्या कानांस शिडीचा स्वर अधिक गोड वाटला, आणि तसें मीं त्यास सांगितलेंही. त्यानें मात्र चार हिश्श्यांचा सौम्य फिल्टर घेतला. संध्याकाळीं त्याच्या खोलींतून तो खर्ज ऐकूं येतो, तेव्हां मुलानें माझें ऐकलें नाहीं, हें बरेंच झालें असें वाटतें.