अनवाणी पायांची दंतकथा

बदली होऊन कलकत्त्यास आलेल्या मराठी माणसास पहिल्याच पावसाळ्यात विचारणा होते : आपण मोहन बागानचे की ईस्ट बंगालचे? प्रस्तुत लेखक क्रिकेटवर पोसलेला. त्याने चहाचा पेला तोंडास लावून वेळ मारून नेली. परंतु कचेरीतील त्या गप्पांत आणि पुढे आपल्या मंडळाच्या बैठकींतही एक विधान वारंवार कानी आले. १९५० च्या विश्वचषकात भारतास खेळू दिले नाही, कारण आपले खेळाडू अनवाणी खेळत, असे ते विधान. आयुष्य सरकारी फायलींत गेल्यामुळे म्हणा, कोणी ‘वरून नकार आला’ असे सांगितले की तो नकार नक्की कोणाचा, हे पाहण्याची खोड मला जडली आहे.

अनवाणी खेळ ही वस्तुस्थिती होती, यात शंका नाही. २९ जुलै १९११ रोजी मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर या गोऱ्या पलटणीच्या संघास २-१ असे हरवून आय. एफ. ए. शील्ड जिंकली, तेव्हा अकरांपैकी दहा जण अनवाणी होते. त्या विजयाने अनवाणी पायास जणू स्वदेशीची प्रतिष्ठा लाभली. अखिल भारतीय फुटबॉल महासंघ स्थापन झाला तो मात्र त्यानंतर २६ वर्षांनी, १९३७ साली, सिमल्यास.

स्वतंत्र भारताचा संघ ऑलिंपिकमध्ये प्रथम उतरला १९४८ साली, लंडनला. कर्णधार तालिमेरेन आओ हे नागा टेकड्यांतून कलकत्त्यास वैद्यकशास्त्र शिकण्यास आलेले विद्यार्थी. उद्घाटनाच्या संचलनात देशाचा ध्वजही त्यांच्याच हाती होता. नवजात राष्ट्राने आपला ध्वज ईशान्य सीमेवरील तरुणाच्या हाती द्यावा, ही गोष्ट मला त्या सामन्याच्या निकालाहून मोठी वाटते. ३१ जुलै रोजी इलफर्ड येथे फ्रान्सशी गाठ पडली. आपले आठ खेळाडू अनवाणी होते आणि कोणीही हरकत घेतली नाही. सारंगपाणी रामन यांनी बरोबरी साधली. दोन पेनल्टी मात्र वाया गेल्या आणि शेवटच्या मिनिटांत फ्रान्सने २-१ असा विजय मिळविला.

आता १९५०. पात्रता गटातील इतर देशांनी माघार घेतल्याने भारतास न खेळताच ब्राझीलचे निमंत्रण आले. इटली, स्वीडन व पराग्वे यांच्या गटात आपले नाव पडले. प्रवासखर्चाचा मोठा भार उचलण्यास यजमानांनी तयारी दर्शविली होती. माघार घेतली ती आपल्याच महासंघाने. संघनिवडीवरून मतभेद आणि सरावास अपुरा अवधी ही कारणे देण्यात आली. खरे तर विश्वचषकाचे मोल त्या काळी आपल्याकडे कोणास फारसे कळलेच नव्हते. ऑलिंपिक म्हणजे सर्वस्व होते. त्या पिढीचे शैलेन मन्ना यांनीही पुढे हीच कबुली दिली. दरवाजा कोणी बंद केला नाही. आपणच उंबरठा ओलांडला नाही. दोष परक्यावर टाकता येत असल्यामुळेच बहुधा ही दंतकथा इतकी टिकली असावी.

त्या संघाची कुवत लगेच दिसली. मार्च १९५१ मध्ये दिल्लीच्या पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धेत मन्ना यांच्या नेतृत्वाखाली भारताने इराणला १-० असे नमवून सुवर्णपदक पटकाविले. गोल मेवालाल यांचा. प्रशिक्षक होते हैदराबादचे शाळामास्तर सय्यद अब्दुल रहीम.

अनवाणी पायांचा खरा हिशेब पुढील वर्षी हेलसिंकीच्या थंडीत चुकता झाला. युगोस्लाव्हियाने आपल्यावर १०-१ अशी मात केली. कोरड्या मैदानावर चेंडू पायाच्या बोटांशी लाडिकपणे खेळविणारी आपली मुले तेथे हतबल ठरली. यानंतर महासंघाने बूट सक्तीचे केले. बंदी अशी जी काय आली ती ही, तीही घरचीच आणि विश्वचषकानंतर दोन वर्षांनी.

रहीम यांनी या बूट घातलेल्या संघास नवी घडी घालून दिली. १९५६ साली मेलबर्न येथे हंगेरीने माघार घेतल्यावर १ डिसेंबरला यजमान ऑस्ट्रेलियाशी सामना झाला. भारताने तो ४-२ असा जिंकला. त्यांतील तीन गोल एकट्या नेव्हिल डिसूझा यांचे. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारे ते पहिले आशियाई खेळाडू. उपांत्य फेरीत पुन्हा युगोस्लाव्हियाच समोर ठाकला. पहिला गोल नेव्हिल यांनीच चढविला आणि काही क्षण हेलसिंकीची भरपाई होणार असे वाटले. पण अखेर ४-१ असा पराभव झाला. बल्गेरियाकडूनही हार पत्करून भारत चौथा आला.

नेव्हिल मुंबईत टाटा संघाकडून खेळत. मूळचे ते गोव्यातील आसगावचे. त्या डिसेंबरात गोव्यावर अद्याप पोर्तुगीजांचा अंमल होता. आसगावचा हा तरुण मात्र भारताचा पोशाख अंगावर चढवून खेळत होता, आणि पायांत बूट घालून.